संग्रह कोणाचा, सही कोणाची?

ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून, स्त्रियांच्या लेखनाच्या पेपरमधून, तीन नावे काढली गेली. एक महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा. उरलेल्या दोघी तामिळनाडूच्या दलित लेखिका, बामा आणि सुकिर्तराणी. इंग्रजी विभागाने तयार केलेला अभ्यासक्रम एका देखरेख समितीने बदलला, विद्वत् परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि परिषदेच्या पंधरा सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. समितीच्या अध्यक्षांनी वृत्तपत्रांना काय सांगितले? या लेखिकांची जात आपल्याला माहीत नाही आणि आपण जातीयवाद मानत नाही! वाचकहो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे? भरतीच्या मुलाखतीनंतर ऐकले, बढतीच्या समितीबाहेर ऐकले, वसतिगृहाच्या प्रवेशयादीसमोर ऐकले. ज्यांना जात ठाऊकच नसते त्यांच्या हातून नेमकी आपलीच नावे कशी गळतात, हे कोडे आम्हाला वीस वर्षांच्या वकिलीत सुटलेले नाही.

दुसरी बातमी अमेरिकेतली. एप्रिल २०२५ च्या सुमारास तिथल्या नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून संरक्षण खात्याच्या आदेशावरून ३८१ पुस्तके उचलली गेली. वंश, वर्ण, लिंगभाव असे विषय असलेली ही पुस्तके. माया अँजेलो यांचे जगप्रसिद्ध आत्मचरित्रही त्यांत होते. ओरड झाली आणि मे महिन्यात बहुतेक पुस्तके परत कपाटात आली. पुस्तक उचलले की निदान ओरड तरी होते. आम्हाला त्याहून शांतपणे चालणाऱ्या कामाबद्दल लिहायचे आहे, आणि ते काम म्हणजे निवड.

आमच्या समाजातल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरात कपाटभर पुस्तके नसतात. त्याच्या हातात साहित्य येते ते नेमलेल्या पुस्तकातून, म्हणजे कोणीतरी निवडलेल्या वेच्यांतून. त्या वेच्यांत जे नाव नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही. जमीन पिढ्यान् पिढ्या कसली तरी सातबारावर नाव नसेल तर तलाठी काय म्हणतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. साहित्याच्या संग्रहाचेही तसेच आहे. फेरफार कोण लिहितो, कोणाच्या सांगण्यावरून लिहितो आणि खाली सही कोणाची, हे तीन प्रश्न प्रत्येक संग्रहाला विचारलेच पाहिजेत.

सहीचा प्रश्न किती जुना आहे ते पाहा. १७७३ साली लंडनमध्ये फिलिस व्हीटली नावाच्या तरुण मुलीचा कवितासंग्रह छापला गेला. ही मुलगी आफ्रिकेतून पकडून आणलेली आणि बोस्टनच्या बाजारात विकली गेलेली गुलाम. गुलाम मुलगी इंग्रजीत कविता करते यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून त्या पुस्तकाच्या आरंभी बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे प्रमाणपत्र छापले गेले, की या कविता हिनेच लिहिल्या आहेत अशी आमची खात्री आहे. सही करणाऱ्यांत वसाहतीचे गव्हर्नर होते, धर्मोपदेशक होते, पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हॅनकॉक होते, आणि तिचे मालक जॉन व्हीटलीही होते! कवितेखाली मालकाचे साक्षांकन. जातीच्या दाखल्याच्या खऱ्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यासाठी ज्यांनी दिवसभर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना या प्रकाराचा अर्थ चटकन कळेल.

साक्षांकनाची ही पद्धत तिथे जवळपास दीडशे वर्षे चालली. गुलामीतून सुटलेल्यांनी आत्मकथने लिहिली, आणि त्यांच्याही पुढे गोऱ्या सज्जनांची पत्रे जोडावी लागली. मग १९२२ साली जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी 'द बुक ऑफ अमेरिकन निग्रो पोएट्री' हा संग्रह काढला. कवी काळे, संपादक काळा, आणि प्रस्तावनाही त्याचीच. ती प्रस्तावना म्हणजे एक स्वतंत्र प्रदीर्घ निबंधच आहे.

हे जॉन्सन कोण? आमच्या व्यवसायबंधूंना सांगायला आनंद वाटतो की ते वकील होते. फ्लोरिडात परीक्षा देऊन त्यांनी सनद मिळवली होती. १९२० पासून दहा वर्षे ते एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सचिव होते. ज्या वर्षी संग्रह निघाला त्याच वर्षी ते वॉशिंग्टनमध्ये डायर विधेयकासाठी खासदारांचे उंबरठे झिजवत होते. काळ्या माणसाला जमावाने ठार मारणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरावा, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. जानेवारी १९२२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केले आणि डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या सदस्यांनी चर्चा अडवून ते मारले. तसा कायदा व्हायला मार्च २०२२ उजाडला. पूर्ण शंभर वर्षे! ज्या हाताने हा माणूस विधेयकाची टिपणे लिहीत होता त्याच हाताने तो कविता निवडत होता. साहित्य वेगळे आणि चळवळ वेगळी, असे आपल्याला शिकवणाऱ्यांनी हे एक वर्ष नीट वाचावे.

जॉन्सन यांच्या प्रस्तावनेतला युक्तिवाद मात्र आम्हाला पूर्ण पटत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एखाद्या समाजाची थोरवी जग त्याच्या साहित्य आणि कलेवरून मापते. ज्यांनी थोर साहित्य निर्माण केले त्यांना जगाने कधी हीन मानलेले नाही. म्हणजे आम्ही चांगल्या कविता दाखवल्या की आमचे माणूसपण सिद्ध होईल. वकिलाच्या नजरेतून पाहा. इथे पुराव्याचा भार कोणावर टाकला गेला? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावरच! बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर जाताना आमच्यात थोर कवी आहेत म्हणून पाणी द्या असा अर्ज केला नव्हता. माणूस आहोत एवढे कारण पुरेसे होते. तरीही जॉन्सन यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ज्या देशात झाडाला माणूस लटकवून खाली गर्दी फोटो काढून घेते, तिथे जो पुरावा हाताशी होता तो त्यांनी दाखल केला.

तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, अॅलन लॉक यांचा 'द न्यू निग्रो' आला. २०२५ मध्ये त्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली. कविता, कथा, निबंध, चित्रे, संगीतावरचे लेख असा तो भरगच्च ग्रंथ. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या नव्या जागृतीचा तो जणू जाहीरनामाच ठरला. पण घरचा संपादक झाला म्हणजे अन्याय संपला, असे होत नाही. क्लॉड मॅके या जहाल कवीची 'द व्हाइट हाउस' नावाची कविता लॉक यांनी घेतली आणि शीर्षक परस्पर बदलून 'व्हाइट हाउसेस' केले. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर रोख आहे असे कोणी समजेल ही भीती. मॅके संतापले. त्यांच्या शीर्षकात काळ्यांना दार बंद करणारी सगळी अमेरिकन व्यवस्था होती. बदललेल्या शीर्षकात गोऱ्यांच्या घरांत शिरण्याची इच्छा तेवढी उरली. एका अनेकवचनाने कवीला भिकाऱ्यासारखे दारात उभे केले. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचे विशेष हक्क दिले आहेत. हक्क विकून टाकले तरी, आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड कोणी केली तर लेखक दाद मागू शकतो. आपल्या किती कवींना हे कलम ठाऊक आहे? स्मरणिकेत जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन कडवी कापणारे संपादक आपल्याही चळवळीत आहेत, आणि ते हक्काने जय भीम करतात.

लॉक यांच्या ग्रंथानंतर लगेच, १९२६ मध्ये, दोन निबंध आले. लँग्स्टन ह्यूज यांनी 'द नेशन'मध्ये एका तरुण कवीची गोष्ट सांगितली. त्याला म्हणे 'निग्रो कवी' म्हणवून घ्यायचे नव्हते, नुसते कवी व्हायचे होते. ह्यूज यांनी त्या इच्छेची साल सोलून आत काय आहे ते दाखवले: गोरे होण्याची ओढ. 'मला दलित लेखक म्हणू नका, लेखक म्हणा' असे पुरस्काराच्या व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्या काही मान्यवरांनी तो निबंध जरूर वाचावा. दुसरा निबंध डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांचा, 'द क्रायसिस' मासिकातला. सगळी कला हा प्रचारच असतो, असे त्यांनी ठणकावून सांगितले. याच द्यु बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले. निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात होती. द्यु बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. १९१३ ते १६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून डॉ. म. ना. वानखेडे यांनी, आणि आपल्या ग्रंथांतून डॉ. जनार्दन वाघमारे यांनी, या काळ्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने आपल्या लेखकांना जागा दिली. १९७२ मध्ये पँथर हे नाव आपण घेतले तेही तिथूनच. तेव्हा अमेरिकेतल्या संग्रहांचा हिशेब आम्ही मांडतो आहोत तो परक्याच्या घरात डोकावणे नव्हे, तो आपल्या चुलत्याच्या घरचा हिशेब आहे.

या हिशेबातली सर्वांत कडू नोंद २०११ ची. रिटा डव्ह या कृष्णवर्णीय कवयित्री. पुलित्झर मिळालेल्या, अमेरिकेच्या राजकवीपदी राहिलेल्या. त्यांनी पेंग्विनसाठी विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेचा संग्रह संपादित केला आणि त्यात सुमारे १७५ कवी घेतले. केवळ काळ्यांचा नव्हे, सगळ्या देशाचा संग्रह, आणि निवड एका काळ्या बाईची. हार्वर्डच्या नामवंत समीक्षक हेलन व्हेंडलर यांनी त्यावर जोरदार टीका केली. एका शतकात वाचण्याजोगे १७५ कवी इंग्रजीत कधी झालेच नाहीत, हा त्यांचा मुद्दा. मेल्विन टॉल्सन या काळ्या कवीला चौदा पाने आणि वॉलेस स्टीव्हन्सला सहाच, हा दुसरा. सर्वसमावेशकतेपायी दर्जा बुडाला, असा एकूण सूर. डव्ह यांनी त्याच नियतकालिकात सडेतोड उत्तर दिले. व्हेंडलर बाईंची विद्वत्ता आम्हाला मान्य आहे, त्यांचे काही आक्षेप तपशिलात बरोबरही असतील. पण गुणवत्तेचा प्रश्न कधी निघाला तो क्षण पाहा. गोऱ्या संपादकांनी आपल्या संग्रहांतून दुय्यम गोरे कवी पानेच्या पाने छापले तेव्हा दर्जाची गणिते इतक्या काटेकोरपणे कोणी मांडली होती? मंडलच्या वेळी ज्यांना एकदम गुणवत्तेचा कळवळा आला, त्यांना देणगी भरून मिळवलेल्या वैद्यकीय प्रवेशांच्या वेळी तो कधीच आला नव्हता. तोच न्याय इथेही.

आणि याच संग्रहात एक गोष्ट घडली, जिच्याकडे समीक्षकांपेक्षा वकिलांनी जास्त लक्ष द्यावे. सिल्व्हिया प्लाथ, अॅलन गिन्सबर्ग आणि स्टर्लिंग ब्राउन हे तीन कवी या संग्रहात नाहीत. ते बसत नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्या कविता छापण्याच्या परवानगीचे शुल्क परवडले नाही म्हणून. डव्ह यांनी प्रस्तावनेत तसे लिहून ठेवले. यातले स्टर्लिंग ब्राउन कोण? १९४१ मध्ये आर्थर डेव्हिस आणि युलिसीस ली यांच्यासोबत 'द निग्रो कॅरव्हॅन' हा हजारावर पानांचा संग्रह ज्यांनी काढला, तेच. ज्या माणसाने शेकडो काळ्या लेखकांची नावे नोंदवहीत चढवली, त्याचेच नाव सत्तर वर्षांनी पैशाअभावी गळाले, आणि तेही काळ्या संपादिकेच्या हातातून, तिच्या इच्छेविरुद्ध. पूर्वी दारावर पहारेकरी असे, आता तिकीटखिडकी आहे.

ब्राउन आणि त्यांचे सहकारी 'कॅरव्हॅन'च्या प्रस्तावनेत आणखी एक मुद्दा मांडतात. काळ्यांच्या साहित्याला वेगळी मोजपट्टी नको, एकच मापदंड लावा. कारण वेगळी मोजपट्टी म्हणजे दयेची मोजपट्टी. पाठ थोपटायची आणि बाहेर बसवायचे. आपल्याकडे शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथात बरोबर उलटी भूमिका घेतली. आनंद आणि सौंदर्य या प्रस्थापित कसोट्यांवर आमचे साहित्य तोलू नका. समता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता या मूल्यांवर तोला. कोणाचे खरे? आमचा कौल लिंबाळे यांच्या बाजूने आहे, कारण 'एकच' म्हणून जी पट्टी दाखवली जाते ती कोणाच्या तरी सुताराने कापलेली असते. पण ब्राउन यांची भीतीही खोटी नाही. विद्यापीठातल्या 'दलित साहित्य' या ऐच्छिक पेपरला कोणता प्राध्यापक नेमला जातो आणि तो तासाला किती वेळा येतो, हे विचारून पाहा. वेगळी चूल मांडून दिली आणि लाकडेच दिली नाहीत, असा तो प्रकार.

निवडीचा निकष कसा असावा, याचे एक उदाहरण आपल्याच परंपरेत आहे आणि आपण त्याच्याकडे साहित्य म्हणून फारसे पाहत नाही. 'थेरीगाथा' हा खुद्दकनिकायातला भिक्खुणींच्या काव्यांचा संग्रह. स्त्रियांच्या रचनांचा इतका जुना संग्रह जगात दुर्मीळ आहे. त्र्याहत्तर काव्ये, पण ती लावली कशी आहेत? राजकन्या आधी, ब्राह्मणकन्या नंतर, दासी शेवटी, असे नाही. गाथांच्या संख्येवर लावली आहेत. एका गाथेची आधी, मग दोन गाथांची, मग तीन, असे चढत्या क्रमाने. पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरी जन्मलेली दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती प्रश्न विचारते आणि निरुत्तर करते. तिच्या गाथा सोळा, म्हणून ती सोळाच्या निपातात. वैशालीची आम्रपाली वीसच्या निपातात. 'थेरगाथा' या भिक्खूंच्या संग्रहात सुनीत आहे, वाळलेली फुले झाडून काढणारा. तो स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो, बारा गाथांत, म्हणून बाराच्या निपातात. कुळाची चौकशी नाही, कोणाचे साक्षांकन नाही. ही मांडणी पाठांतराच्या सोयीसाठीही असेल. पण सोय पाहतानाही क्रम कुळाला शरण गेला नाही, ही गोष्ट साधी नाही.

संग्रहाने माणूस कसा वाचतो याचेही उदाहरण बौद्ध विहारातलेच आहे. इसवी सन ११०० च्या आसपास बंगालच्या जगद्दल विहारातल्या विद्याकर नावाच्या पंडिताने संस्कृत सुभाषितांचा 'सुभाषितरत्नकोश' जमवला. सतराशेहून अधिक श्लोक, सुरुवात बुद्धापासून, आणि पुढे शिव-विष्णूही. विहार उद्ध्वस्त झाले, ग्रंथ विखुरले. राहुल सांकृत्यायन यांना तिबेटच्या एका मठात त्याची ताडपत्री प्रत सापडली, आणि १९५७ मध्ये गोव्याचे दामोदर कोसंबी आणि वि. वि. गोखले यांनी हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो संपादित करून छापला. त्यातल्या कित्येक कवींचे आज फक्त तेवढेच श्लोक उरले आहेत. बाकी सगळे गेले. कोसंबींनी या काव्याची वर्गीय चिरफाड केली: हे दरबाराच्या आणि जमीनदारांच्या आश्रयाने वाढलेले काव्य आहे, असे लिहिले. ज्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले त्या हार्वर्डच्या डॅनियल इंगल्स यांनी १९६५ मध्ये त्यांना विरोध केला. संग्रह एकच, वाचणारे दोन. धर्मानंद कोसंबींच्या या मुलाने एक गोष्ट आपल्याला शिकवून ठेवली आहे. ज्या काव्याशी आपले पटत नाही तेही आधी नीट संपादित करायचे, पाठभेद तपासायचे, आणि मग भांडायचे.

आता आपल्या घराकडे वळू. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. तेंडुलकरांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. ती प्रस्तावना प्रामाणिक आहे. पण पांढरपेशा वाचकाने ढसाळांच्या जगात शिरावे ते तेंडुलकरांचा हात धरून, ही त्या वेळच्या मराठी साहित्याची अट होती, हे विसरून चालणार नाही. वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, अर्जुन डांगळे यांनी 'पॉयझन्ड ब्रेड' हा इंग्रजी संग्रह काढला. शीर्षक बंधुमाधवांच्या कथेवरून. निवड आपली, प्रस्तावना आपली. आणि डांगळे यांनी कविता, कथा, आत्मकथनातले वेचे एवढ्यावर न थांबता निबंध आणि भाषणेही घेतली. बाबुराव बागुलांचे विचार त्यात आहेत. आमच्या मते त्या ग्रंथाचे खरे बळ तिथे आहे. नुसत्या कविता दिल्या की वाचणारा म्हणतो, बिचाऱ्यांनी किती सोसले! सोबत निबंध दिला की त्याला उत्तर द्यावे लागते. आज भारतभरच्या आणि परदेशातल्या विद्यापीठांत मराठी दलित साहित्य शिकवले जाते त्याचा पाया या एका ग्रंथाने घातला. दलित साहित्याला जगाने शोधले, असे कोणी म्हणाले तर त्याला डांगळे यांचे नाव सांगावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्या ग्रंथात स्त्रिया थोड्याच आहेत. अमेरिकेत ही तक्रार इतकी वाढली की १९८२ मध्ये काळ्या स्त्रियांनी स्वतंत्र संग्रह काढला. सगळ्या स्त्रिया म्हणजे गोऱ्या आणि सगळे काळे म्हणजे पुरुष, हेच गृहीतक त्याच्या लांबलचक शीर्षकात पकडले होते. आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्येच 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून तो हिशेब मांडला होता. दुसरी उणीव शाहिरीची. १९९६ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्टन प्रकाशनाने हेन्री लुई गेट्स आणि नेली मॅके यांच्या संपादनाखाली आफ्रिकन अमेरिकन साहित्याचा जाडजूड संग्रह काढला. त्याच्या आरंभी लिखित कविता नाहीत. गुलामांची भजने, कामाची गाणी, ब्लूज, प्रवचने अशी मौखिक परंपरा आहे, आणि ऐकायला सोबत ध्वनितबकडी दिली होती. आमच्या वस्त्यांत बाबासाहेब पोहोचले ते भीमराव कर्डकांच्या जलशातून आणि वामनदादांच्या गाण्यांतून. पण मराठी कवितेच्या 'प्रातिनिधिक' म्हणवणाऱ्या संग्रहांत वामनदादा किती पानांवर आहेत? गाणे आहे, कविता नाही, असे म्हणून ज्यांनी त्यांना वगळले त्यांनी तुकोबांचे अभंग मात्र बिनदिक्कत कविता म्हणून घेतले. अभंग काय वाचनालयात बसून वाचण्यासाठी रचले गेले होते?

अभ्यासक्रमाच्या समित्यांवर आपली माणसे हवीत, हे खरेच. पण समितीवर बसलेल्या आपल्या माणसाच्या हातात ठेवायला आपला संग्रहच नसेल तर तो तरी काय सुचवणार? आणि संग्रह काढायचा तर कायदा माहीत हवा. थोडक्यात सांगतो. कॉपीराइट मिळवायला नोंदणी लागत नाही. लिहिले की हक्क जन्मतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो, वर्ष पुढच्या जानेवारीपासून मोजायचे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ च्या आरंभी मुक्त झाले. 'रिडल्स'सारखे जे हस्तलिखित त्यांच्या पश्चात प्रथम छापले गेले त्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजायची. वामनदादा २००४ मध्ये गेले, बागुल २००८ मध्ये, ढसाळ २०१४ मध्ये. म्हणजे त्यांचे लेखन घ्यायचे तर वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी अनेक वर्षे लागणार. अभ्यासासाठीच्या संकलनात छोटे उतारे घेण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे, पण अटी कडक आहेत: एका लेखकाचे, एकाच प्रकाशकाकडून, पाच वर्षांत दोनच उतारे. शिक्षणासाठी काढलेल्या झेरॉक्स संकलनांबाबत २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. गरीब विद्यार्थ्याचा संग्रह तोच असतो, स्टेपल मारलेला. पण त्या निकालाच्या आधाराने पुस्तक छापून विकता येत नाही, हे आमच्या उत्साही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

'आपलाच माणूस आहे, परवानगी कसली?' हे वाक्यही आता बंद झाले पाहिजे. प्रस्थापितांनी मानधन बुडवले की मोर्चा काढायचा आणि आपण बुडवले की चळवळीचे काम म्हणायचे, हे चालणार नाही. परवानगीपत्र एका पानाचे असते. कोणती रचना, किती प्रती, कोणत्या भाषेत, मानधन किती, आणि लेखकाला न विचारता एक अक्षर बदलणार नाही अशी ओळ. हा मसुदा आम्ही विनामूल्य करून देतो, यापूर्वीही दिला आहे.

आणि एक तारीख लिहून ठेवा. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. १ जानेवारी २०३० रोजी त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होईल. १९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले होते. खुले झाल्यावर बाजारात 'निवडक अण्णा भाऊ' किती निघतील, मोजदाद करता येणार नाही. सगळ्या पक्षांना आज अण्णा भाऊ हवे आहेत. त्यांच्या प्रेमकथा हव्या आहेत, मर्दानी नायक हवे आहेत, पोवाड्यातला महाराष्ट्र हवा आहे. मुंबईच्या चाळीतला आणि झोपडपट्टीतला माणूस, कामगार, अर्पणपत्रिका आणि ते उद्घाटनाचे भाषण या निवडींतून कितपत उरेल, ते निवडणारे ठरवतील. प्रस्तावना कोण लिहील, तेही. आपल्या प्राध्यापकांनी, मातंग समाजातल्या अभ्यासकांनी आणि शाहिरांनी मिळून एक संपादक मंडळ आताच बसवले, मूळ आवृत्त्या मिळवून पाठ ताडून ठेवले, तर त्या जानेवारीत पहिला संग्रह आपला असू शकतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ज्या कार्यकर्त्यांकडे अण्णा भाऊंच्या पहिल्या आवृत्त्या, जुनी मासिके किंवा छापील पोवाडे आहेत, त्यांनी त्यांची यादी करून या दैनिकाच्या पत्त्यावर पाठवावी.